“किती हो शांत तुमची मुलगी!”

आमच्या इमारतीत दर दिवाळीला मुले मातीचा किल्ला करतात. मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला लागून, विटा आणि दगड रचायचे, त्यांवर जुनी पोती टाकायची, चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि महाराजांना सिंहासनावर बसवून खाली मावळे मांडायचे, हा उद्योग वसुबारसेच्या आधी चांगला आठ दिवस चालतो. त्या आठ दिवसांत इमारतीतले एकही मूल वेळेवर जेवत नाही, एकाच्याही अंगावरचे कपडे धड राहत नाहीत, आणि प्रत्येक मजल्यावरून आयांच्या हाका अखंड चालू असतात.

२०१७ सालच्या दिवाळीत आमच्या घरातून मात्र अशी एकही हाक गेली नाही. आमची चिमी तेव्हा चार वर्षांची होती. ती गॅलरीच्या गजांना धरून उभी राही आणि खालचा किल्ला पाही. कपडे स्वच्छ, वेणी जागच्या जागी, हाक मारली की लगेच आत. शेजारच्या काकू एकदा फराळाचे ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “किती हो शांत तुमची मुलगी! आमच्या कार्ट्याला चार दिवस तिच्या शिकवणीला पाठवते.” मी हसलो. खरे सांगायचे तर मनातून सुखावलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी चिमीच्या हातात फुलबाजी दिली. तिने ती हात लांब करून धरली, विझेपर्यंत धरली, विझलेली तार सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या बादलीत टाकली, आणि विचारले, “बाबा, झालं ना? आता मी झोपू?”

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण मला तो दिवाळीशिवाय आठवतच नाही, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी श्रावणात माझी आई गेली. पत्नी बँकेत, मी महाविद्यालयात, त्यामुळे चिमीला खऱ्या अर्थाने वाढवले ते आईनेच. दुपारची गोष्ट, संध्याकाळचे शुभंकरोती, रात्रीचा वरणभात, सारे आजीकडे. एका सकाळी आईच्या छातीत दुखू लागले, आम्ही तिला इस्पितळात नेले, आणि दुसऱ्या रात्री सारे आटोपले. चिमीला त्या दोन दिवसांत मेहुणीकडे ठेवले होते. ती परत आली तेव्हा आजीची खाट उचललेली होती. आम्ही तिला सांगितले, “आजी गावाला गेली.” कोणीही सांगितले असते तेच.

पहिले आठ-दहा दिवस ती विचारी, “आजी कधी येणार?” मग तिने विचारणे सोडले. सगळे म्हणाले, लहान मुले लवकर विसरतात. आम्हालाही तसेच वाटले, कारण तसे वाटणे सोयीचे होते. तिचे जेवण कमी झाले, ते आम्ही उन्हाळी लागल्यावर घातले. श्रावण-भाद्रपदात उन्हाळी कसली, हे कोणी विचारले नाही. पहाटे तीनला ती जागी होऊन डोळे उघडे ठेवून पडून राही. रडत नसे, म्हणून कित्येक दिवस आम्हाला पत्ताही नव्हता. आणि ती सतत ‘सॉरी’ म्हणू लागली. पेला पडला, सॉरी. पाऊस आला, सॉरी. एकदा तिच्या हातून दूध सांडले, आणि मी दुसऱ्या खोलीतून येतो तो ती कोपऱ्यात कान धरून उभी. तिला तसे उभे राहायला कोणी सांगितले नव्हते. “शहाणी गं माझी बाय,” असे म्हणून मी तिला उचलून घेतले.

हे चित्र पहिल्यांदा खटकले ते तिच्या बालवाडीच्या बाईंना. बाईंकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. मॉन्टेसरीचा अभ्यासक्रम आणि बावीस वर्षे लहान मुलांत बसणे, एवढेच त्यांचे भांडवल. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले.

“सर, चिमी खेळत नाही,” त्या म्हणाल्या.

“स्वभावानेच शांत आहे हो ती,” मी म्हणालो.

“शांत मुलं मला ओळखू येतात. शांत मूल कोपऱ्यात बसून एकटं मुंगी बघतं, पण बघताना त्याचे डोळे हसत असतात. चिमी खेळात बसते, पण खेळत नाही. भातुकलीत तिची बाहुली रोज निजलेलीच असते. परवा मी म्हटलं, चल, बाहुलीला उठवू या, सकाळ झाली. तर म्हणाली, ‘ती नाही उठणार. ती वाईट आहे.’”

मला राग आला. घरी येताना रिक्षात मी पत्नीला म्हणालो की या बाई पुस्तके वाचून नाही नाही ते शोधतात. पत्नी काही बोलली नाही. तिने रात्री चिमीच्या अंथरुणाशेजारी आपले अंथरूण घातले, आणि पहाटे तीनला मला हलवून उठवले. “अहो, जरा बघा,” ती म्हणाली. चिमी छताकडे पाहत पडली होती.

मग सुरू झाले सल्ले. मामींनी दृष्ट काढली. नेहमीच्या डॉक्टरांनी जंताचे औषध आणि एक लाल टॉनिक दिले. प्राध्यापकांच्या खोलीत मी सहज विषय काढला, तर अर्थशास्त्राचे आमचे एक सहकारी म्हणाले, “चार वर्षांच्या पोराला कसलं आलंय डिप्रेशन? त्याला काय घराचे हप्ते भरायचेत?” सगळे हसले. मीही हसलो.

पुढे मला कळले की हाच प्रश्न, थोड्या भारदस्त भाषेत, मनोविकारांच्या पंडितांनीही कितीतरी वर्षे विचारला होता. त्यांचा युक्तिवाद असा की, खिन्नतेच्या मुळाशी अपराधाची टोचणी असते. टोचणीसाठी सदसद्विवेकबुद्धी पूर्ण घडलेली असावी लागते. ती लहान मुलात नसते. सबब लहान मुलाला हा आजार होऊच शकत नाही. तर्क बिनचूक आणि निष्कर्ष चुकीचा, असे शास्त्रांत पुष्कळदा होते.

मी भाषेचा मास्तर. मला नवल वाटले ते याचे की आपल्या आज्या हा आजार केव्हाच ओळखत होत्या. ‘पोरानं खंत घेतली’, ‘हाय खाल्ली’, ‘झुरणीला लागलं’, ‘कोमेजलं’, हे शब्द काही थोरांसाठी राखून ठेवलेले नाहीत. तान्ह्या पोरांविषयी, आई गेलेल्या वासराविषयीसुद्धा ते वापरलेले मी ऐकले आहेत. माझ्या आईच्या तोंडी तर ते रोज असत. पण ते ओळखणारी आईच घरातून गेली होती, आणि आमच्याजवळ उरले होते दोनच शब्द: ‘हट्टी’ आणि ‘शहाणी’. चिमी हट्टी नव्हती, म्हणून ती शहाणी ठरली.

अखेर बाईंनीच नाव सुचवले त्या, लहान मुलांच्या मनाचे विकार पाहणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो. मला वाटले होते, एखादे यंत्र असेल, रक्त तपासतील आणि चिठ्ठी हाती देतील. रक्त तपासले, पण ते वेगळ्याच कारणासाठी. अंगात रक्त कमी असले, थायरॉइड मंद असली, तर मूल असेच मलूल दिसते. कानाने कमी ऐकू येत असले तरी ते आपल्यातच राहू लागते. ही सारी कारणे आधी बाजूला सारायची. मनाच्या आजाराची खूण रक्तात सापडत नाही. ती विचारून आणि पाहूनच शोधावी लागते, आणि चार वर्षांच्या मुलाला विचारायचे तरी काय?

पहिल्या भेटीत त्यांनी दीड तास आम्हालाच विचारले. हे केव्हापासून? त्याआधी तिला सर्वांत काय आवडे? ते आजही आवडते का? आवडीचा खाऊ आणला तर चेहरा उजळतो का, आणि उजळला तर किती वेळ टिकतो? घरात, शाळेत आणि खेळाच्या जागी, तिन्ही ठिकाणी असेच आहे का? स्वतःविषयी ती काय बोलते? मरणाविषयी काही बोलते का? मी भराभर उत्तरे देत होतो. बाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “सर, तुम्ही मला तुमचं मत सांगताय. मला तिचं काय ते हवंय. दोन आठवडे एक वही ठेवा. ती कधी आणि कशानं हसली, तेवढंच लिहा.”

चौदा दिवसांच्या त्या वहीत दोन नोंदी झाल्या. त्यांतली एक पत्नीने संशयाचा फायदा देऊन केलेली.

जाता जाता त्यांनी विचारले, “घराण्यात कोणाला असा त्रास?” मी म्हणालो, “छे!” पत्नीने माझ्याकडे पाहिले. माझे वडील निवृत्त झाल्यावर दोन वर्षे कोणाशी फारसे बोलत नव्हते. सकाळी खुर्चीत बसत ते संध्याकाळी उठत. आम्ही त्याला विरक्ती म्हणत आलो होतो. हेही मी अखेर सांगितले. हा आजार घराण्यातून पुढे येऊ शकतो. येतोच असे मात्र नाही.

“पण ती रडत नाही, त्रास देत नाही,” मी पुन्हा म्हणालो. तेव्हा त्यांनी मला एक जुना मूकपट मिळवून पाहायला सांगितले. त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये ॲना फ्रॉइड यांनी हॅम्पस्टेड येथे मुलांसाठी निवासी शाळा चालवल्या. तेथे जेम्स रॉबर्टसन नावाचा एक स्कॉटिश तरुण बंब पेटवण्याच्या आणि दुरुस्त्यांच्या कामावर होता. ॲनाबाईंचा दंडक असा की, बंबवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाने मुलांत जे दिसेल ते कागदावर टिपून ठेवायचे. टिपता टिपता हा गृहस्थ मुलांचा अभ्यासक झाला. पुढे जॉन बोल्बी यांच्या हाताखाली काम करताना त्याने इस्पितळांतली मुले पाहिली. त्या काळी इंग्लंडमधील कित्येक इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून फार तर एकदोनदा भेटू देत. आई आली की मूल रडते, म्हणून आई न आलेलीच बरी, असा हिशेब. मुले दोन दिवस आक्रोश करत आणि मग शांत होत. परिचारिका म्हणत, “रुळलं.” रॉबर्टसन म्हणू लागला की, हे रुळणे नाही. आधी निषेध, मग निराशा, आणि शेवटी सारे तोडून टाकणे, अशा या पायऱ्या आहेत. मूल शांत होते ते दुसऱ्या पायरीवर. कोणी ऐकेना. तेव्हा त्याने हातातल्या कॅमेऱ्याने एक चित्रपट घेतला. लॉरा नावाची दोन वर्षे पाच महिन्यांची मुलगी, बेंबीजवळच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात. मुद्दाम रडण्याचेच प्रसंग टिपले असा आक्षेप नको, म्हणून ठरावीक वेळी चित्रण करायचे आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात दाखवायचे.

लॉरा फार रडत नाही. तोंड आवळते, मधूनच ‘माझी आई कुठे आहे?’ असे विचारते, आणि चेहरा पुन्हा कोरा करते. आठव्या दिवशी आई न्यायला येते तेव्हा आपले सारे सामान ती गोळा करते, पण आईचा पुढे केलेला हात धरत नाही. हा चित्रपट १९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवला, तेव्हा जमलेली डॉक्टरमंडळी चिडली. पण बी रुजले होते. १९५९ साली तेथील सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने आईबापांना मुलांकडे मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली.

मी हा चित्रपट रात्री एकट्याने पाहिला. लॉराचा तो कोरा चेहरा माझ्या ओळखीचा होता.

याच्याही आधी, १९४५-४६ साली, रेने स्पिट्झ या व्हिएन्नात जन्मलेल्या मनोविश्लेषकाने दोन संस्थांतील तान्ही मुले पाहून ठेवली होती. एक तुरुंगातील शिशुगृह, तेथे कैदी आया आपापल्या मुलांना स्वतः सांभाळत. दुसरे अनाथ मुलांचे गृह. स्वच्छता चोख, खाणेपिणे उत्तम, पण सात-आठ बाळांमागे एक दाई. या दुसऱ्या ठिकाणच्या ९१ मुलांपैकी ३४ मुले दोन वर्षांत दगावली. पुढे १९५५ साली त्याच्या पद्धतीवर आणि आकड्यांवर कडक टीका झाली, आणि ती सगळीच गैर नव्हती. पण तुरुंगातल्या शिशुगृहात त्याने जे पाहिले ते कोणाला पुसता आलेले नाही: सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपासून आया दूर केल्या तेव्हा ती आधी रडवी झाली, मग माणसांकडे पाठ करून पडू लागली, आणि काही महिन्यांच्या आत आई परत आली तर पुन्हा खुलली. या अवस्थेला त्याने जे ग्रीक धर्तीचे नाव दिले त्याचा अर्थ ‘रेलून राहणे’. ज्याच्यावर रेलायचे तोच आधार निघून गेल्यावर येणारे दुखणे. कोशात शोधून इतका नेमका शब्द मला सापडला नसता.

पण स्पिट्झची बाळे आणि लॉरा ही आईपासून तुटलेली मुले. आईबाप शेजारी असलेल्या, चारचौघांत वाढणाऱ्या मुलाचे काय? या प्रश्नाचा पद्धतशीर माग अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. जोन लुबी यांनी घेतला. तोवर समजूत अशी होती की, लहान मुलाची खिन्नता उघड दिसत नाही; ती पोटदुखी, डोकेदुखी, दांडगाई असे मुखवटे घालून येते. २००३ साली त्यांनी दाखवले की तीन ते पाच वर्षांच्या मुलांतही ती उघड्या तोंडाने येते, फक्त कोठे पाहायचे ते ठाऊक हवे. पाहायचे खेळात. मोठ्या माणसाला कामात, खाण्यात, माणसांत रस वाटेनासा होतो. मुलाला खेळात वाटेनासा होतो. रडवेपणा निरोगी मुलांतही असतो, किरकिर तर असतेच असते. पण खेळातला आनंद आटणे ही खूण निरोगी मुलांत आढळली नाही. २००९ साली त्यांच्याच चमूने दुसरी गोष्ट नोंदवली: अशा मुलांना शरम आणि अपराधीपणा अधिक वाटतो, पण चूक झाल्यावर ती सावरून घेण्याची धडपड मात्र ती कमी करतात. दूध सांडल्यावर निरोगी मूल फडके आणते, नाहीतर पळून जाते.

आमचे कान धरून उभे राहिले होते.

तिसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी कपाटातून दोन कापडी बाहुले काढले. हातात घालून बोलवायचे असतात तसले. ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९९०च्या दशकात इग्गी आणि झिग्गी नावाच्या दोन बाहुल्यांकडून मुलांना बोलते करण्याची पद्धत तयार झाली. मोठ्यांनी विचारले की, “तुला वाईट वाटतं का?” तर मूल मोठ्यांना हवे ते उत्तर देते. म्हणून विचारायचेच नाही. एक बाहुला म्हणतो, “मला पुष्कळ मित्र आहेत.” दुसरा म्हणतो, “मला मित्र नाहीत.” आणि मग दोघे मिळून मुलाला म्हणतात, “तुझं कसं?” कोणतेही उत्तर चुकीचे नाही, कारण ते देणारा एक भिडू आधीच समोर बसलेला आहे.

आम्ही काचेपलीकडे बसून पाहत होतो. चिमी बोलत नव्हती, नुसते बोट दाखवत होती. मित्र नसलेला. रात्री झोप न येणारा. मग एक बाहुला म्हणाला, “मी चांगला मुलगा आहे.” दुसरा म्हणाला, “मी वाईट मुलगा आहे.” चिमीने दुसऱ्याकडे बोट केले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन, पण आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगितले, “आजी माझ्यावर रागावून गेली. मी तिची कवळी लपवली.”

मला आठवले. आई आजारी पडली त्याच्या आदल्या रात्री घरात कवळीची शोधाशोध झाली होती. आई चिमीवर ओरडली होती. सकाळी तिला इस्पितळात नेले ते कवळीशिवाय. चार वर्षांच्या डोक्यात या दोन गोष्टींची सांगड कशी बसली असेल हे सांगायला पंडित नको. तीन महिने ही पोर तो खटला एकटीच चालवत होती, आणि आम्ही तिला शहाणी म्हणत होतो.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खरे सांगायला लावले. ‘गावाला गेली’, ‘देवाघरी गेली’, ‘झोपली’ यांपैकी काही नको. गावाहून माणूस परत येतो, आणि झोपलेला उठतो. त्या रात्री पत्नीने आईचा फोटो काढून समोर ठेवला आणि सांगितले, “आजी मेली, बाळ. तिचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप औषधं दिली, पण चालू झालं नाही.” मी म्हणालो, “कवळी लपवली म्हणून कोणी मरत नाही. रागावलं म्हणूनही कोणी मरत नाही.” चिमीने ते तीनदा विचारून घेतले. मग ती उठली, भातुकलीच्या पेटीच्या तळातून रुमालात बांधलेली कवळी काढली आणि माझ्या हातात दिली.

इथे एखादी कथा संपली असती. आमचे तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी पूर्वीइतकीच कोरी होती, आणि मी डॉक्टरीणबाईंना फोन करून जवळजवळ भांडलो. त्या म्हणाल्या, “दुःख आणि हा आजार यांत हाच फरक आहे. आजी गेल्याचं नुसतं दुःख असतं, तर ती घटकेत रडली असती आणि घटकेत उड्या मारल्या असत्या. लहान मुलं दुःखात डुबकी मारतात आणि वर येतात. ही वर येत नाहीये. कारण सापडलं म्हणून आजार गेला असं होत नाही.” निदान त्यांनी तेव्हा, चौथ्या भेटीनंतर, प्रथमच उच्चारले.

औषध दिले नाही. फ्लुओक्सेटिन हे या आजारावरचे परिचित औषध अमेरिकेतही नैराश्यासाठी मान्य आहे ते आठ वर्षांपासून पुढे, आणि २००४ साली तेथील औषध खात्याने अशा औषधांवर मुलांच्या बाबतीत ठळक इशारा छापायला लावला. चार वर्षांच्या मुलाचे औषध म्हणजे त्याचे आईबाप, असे त्यांचे म्हणणे. शिकवणी आमचीच सुरू झाली. रोज पंधरा मिनिटे चिमी म्हणेल तो खेळ. त्यात आज्ञा नाही, प्रश्न नाही आणि शिकवणे तर मुळीच नाही. आयुष्यभर खडू हातात धरलेल्या माणसाला ही शेवटची अट किती जड जाते ते मीच जाणे. पहिल्या आठवड्यात मी बाहुलीच्या स्वयंपाकात तिला ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक समजावून सांगितला, आणि पत्नीने मला खोलीबाहेर काढले. पुढे रागाला राग आणि भीतीला भीती म्हणायला शिकवणे. रडली तर ‘उगी, उगी’ न करता शेजारी बसणे. आणि ती जराशी हसली की आपणही मनापासून हसणे. हे शेवटचे तर अगदी शास्त्रोक्त निघाले. लुबीबाईंनी २०१८ साली तीन ते सहा वर्षांच्या २२९ मुलांवर, त्यांच्या आईबापांसह, याच वळणाचा अठरा आठवड्यांचा उपचार तपासून प्रसिद्ध केला. उपचार मिळालेल्या मुलांत आजार हटण्याचे प्रमाण नुसती वाट पाहणाऱ्या मुलांपेक्षा पुष्कळ अधिक निघाले.

आम्हाला पाच महिने लागले.

माझ्या सहकाऱ्यासारखे हसणारे लोक मी आता मूर्ख समजत नाही. त्यांच्या हसण्यात एक रास्त धास्ती आहे: उद्या प्रत्येक रुसलेल्या मुलाच्या कपाळी आजाराची चिठ्ठी चिकटवली जाईल. बालवाडीच्या वयात हा आजार शेकडा एक-दोन मुलांना असतो असे अभ्यासांतून दिसते. म्हणजे दोन-तीन वर्गांत मिळून एखादे मूल. बाकीची रुसतात, हिरमुसतात आणि तासाभरात लाडू मागतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनीच माझ्या समोर एका आईला तिचे किरकिरे पोर सुखरूप परत केले, वर “याला भरपूर मळू द्या” असा सल्ला दिला. पण त्या एकाला ओळखायचे कोणी? तो दंगा करत नाही, म्हणून शाळा तक्रार करत नाही. रडत नाही, म्हणून आई धावत नाही. मुंबईत मुलांच्या मनाचे चिकित्सालय टाटांच्या समाजकार्य शाळेने १९३७ सालीच उघडले होते, हे वाचून मी थक्क झालो. आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या इस्पितळांत मनोविकार विभाग असतो, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची मोफत मदतही मिळते. पण त्या क्रमांकापर्यंत जाण्याआधी कोणाला तरी बाहुली निजलेली दिसावी लागते.

२०१८ सालच्या दिवाळीच्या आधी किल्ल्याचे काम निघाले. चिमी पाच वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. शेजारच्या काकू मुलाचा दंड धरून उभ्या होत्या. मावळे कोणी मांडायचे यावरून भांडण झाले होते, आणि चिमीने त्याला चावले होते. दंडावर दातांचा अर्धगोल स्पष्ट उमटला होता. मागोमाग चिमी जिना चढून आली. फ्रॉक फाटलेला, केसांत चिखल, आणि तोंडाने जोरजोरात चालू, “आधी त्यानं माझा तोफवाला घेतला! आधी त्यानं!”

पत्नीने काकूंची क्षमा मागितली, मुलाच्या दंडाला हळद लावली. मी बाप म्हणून पुढे होऊन चिमीला रागवायला हवे होते. काकू त्यासाठी थांबल्याही होत्या. मी आत जाऊन जुनी वही शोधू लागलो.